कामगंधाचा पूर्वेतिहास

जुलै-ऑगस्टमध्ये जळगाव-धुळ्याकडच्या कपाशीत काठीला टांगलेली नरसाळी आणि त्यांखाली लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात. हे कामगंध सापळे. आतल्या रबरी गोळीचा वास शेतकऱ्याला येत नाही. गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगाला तो अंधारात दुरूनही कळतो. गंध ओळखायला नाकच लागते असे नाही. कोळ्याचा दूरचा नातलग, लांबलचक पायांचा हार्वेस्टमन, पायांच्या दुसऱ्या जोडीने वस्तू चाचपून तिचे रसायन ओळखतो. पतंगाला चाचपावे लागत नाही. त्याच्या शृंगिकांवरचे सच्छिद्र सूक्ष्म केस वाऱ्यावर आलेले मादीच्या गंधाचे रेणू टिपतात.

ही अळी शास्त्राच्या दप्तरी गेली ती आपल्या शेजारच्या भडोचमधून. १८४२ मध्ये तिथल्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये तिचे वर्णन केले. पुढे सरकीत दडून ती इजिप्तला, १९११ मध्ये मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्ससला पोहोचली. तिच्या गंधाचा शोध अमेरिकेत लागला, तो त्यामुळे.

१९५९ मध्ये बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीममाद्यांपासून पहिला कामगंध वेगळा केला होता. बोंडअळीच्या बाबतीत मात्र गाडी दोनदा अडली. १९६६ मध्ये जाहीर झालेल्या ‘प्रोपिल्युअर’कडे शेतातले नर फिरकेनात. नंतरचे ‘हेक्झाल्युअर’ प्रयोगशाळेतल्या रसायनांतून चाळून काढलेले. नर येत, पण थोडेच. खरा गंध १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात उलगडला: एकाच रेणूची दोन रूपे, निम्मी-निम्मी. त्याचे नाव ‘गॉसिप्ल्युअर’. दोन्ही रूपांत फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या वळणाचा, आणि नराची शृंगिका तेवढाही फरक ओळखते!

खानदेशात या गोळीचे मोल वाढले ते बीटीचा आधार सुटल्यावर. २००२ मध्ये एका जनुकाचे, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडे आतून पोखरली गेली. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पतंग मोजायचे: सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ नर सापडले, तर उपायाची वेळ झाली. पण सापळ्यात नरच येतात, अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. सापळ्याला औषध समजून विकणाऱ्यांनी ही गोष्ट शेतकऱ्याला सांगायला हवी.

त्यात आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यात कपाशी लावण्याची रीत. पावसासरशी कोशातून निघालेल्या पतंगांना लवकर आलेली फुले आयतीच मिळतात, आणि शेतात डोमकळ्या दिसू लागतात. उशिरा लावलेल्या शेतात फुलेच नसल्याने तीच पिढी उपाशीपोटी संपते. २०१७ नंतर सरकारने मे महिन्यातल्या बियाणेविक्रीवर निर्बंध आणले ते यासाठी. दुसऱ्या टोकाला डिसेंबरनंतर राखलेली फरदड आहेच. तिथे मार्चमध्येही सापळे भरतात.