न रडलेलं बाळ

आमच्या घरात बारशाची तयारी सुरू झाली की मोठी आत्या काहीतरी निमित्त काढून परसात जाते. लहानपणी कारण कळत नव्हतं. आईनं खूप वर्षांनी सांगितलं, आत्याचं पहिलं बाळ दवाखान्यात गेलं. "रडलंच नाही," एवढंच वाक्य घरात शिल्लक राहिलं. नाव नाही, पाचवी नाही, फोटो तर नाहीच.

त्या काळी आपल्या पिरनवाडीत बाळंतपण घरातच, सुईणीच्या हातून. अडलं तरच बेळगाव गाठायचं. आत्यालाही दोन दिवस कळा काढून मग नेलं. अशा दमलेल्या, अडलेल्या बायकाच दवाखान्यात पोचायच्या, त्यामुळे तिथं बाळं जास्त दगावायची. आणि लोक म्हणायचे, दवाखान्यात नेलं की पोर जातं! उशीर घरी व्हायचा, नाव दवाखान्याचं व्हायचं. दवाखान्यातलं सगळंच बरोबर होतं असंही नाही म्हणा. आत्याचं बाळ न रडता जन्मलं, नर्सनं एकदा बघितलं आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं. "मेलेलंच होतं," म्हणून सांगितलं.

हे वाक्य किती घरांत असंच सांगितलं असेल, याचा विचार मी पुढं बेळगावातल्याच एका अभ्यासाबद्दल वाचल्यावर केला. आपल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी कर्नाटकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि मोठ्या दवाखान्यांत बाळंतपण करणाऱ्या 599 जणांना शिकवलं. काय शिकवलं? बाळ रडलं नाही तर लगेच कोरडं पुसा, पाठ चोळा, तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कनं हवा द्या. भारी यंत्र नाही, ऑपरेशन नाही.

शिकवण्याआधीच्या 4187 बाळंतपणांत शंभरामागं 3 बाळं मृत जन्मली अशी नोंद होती. नंतरच्या 5411 मध्ये ती 2.3 वर आली. 2013 साली हे आकडे छापून आले.

खरी गोष्ट पुढंच आहे. पोटात आधीच गेलेल्या बाळाची कातडी सुटलेली असते. ऐन बाळंतपणात गेलेलं बाळ मात्र अगदी ताजं, झोपल्यासारखं दिसतं. ही 'ताजी' मृत बाळं 1.7 वरून 0.9 वर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. घट झाली ती याच बाळांत. यातली काही बाळं मेलेली नव्हतीच, फक्त श्वास घेत नव्हती. ती पुढं चार दिवसांत गेली असती तर नवजात मृत्यू वाढले असते. तसं झालं नाही.

म्हणून सगळी बाळं वाचतात असं नाही. आईचं बीपी वाढणं, दिवस भरायच्या आत जन्म, जंतुसंसर्ग, बाळंतपण अडून राहणं, ही कारणं आहेतच. त्यासाठी नऊ महिने तपासणी आणि वेळेवर गाडी लागते. 2005 पासून जननी सुरक्षा योजना आली, 2008 मध्ये कर्नाटकात 108 आली. आज आपल्या गल्लीत कुणी घरी बाळंत होत नाही.

मागच्या दिवाळीत हे सगळं आत्याला सांगावं की नाही, हा प्रश्न पडला होता. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "म्हणजे त्याला कुणी पुसलं पण नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचं बाळ वाचलं असतं असं मी म्हणू शकत नाही. ते आधीच गेलं होतं असंही आता म्हणवत नाही.

1969 च्या कायद्यानं मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करायची असते. आत्याच्या बाळाची झाली की नाही, घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून इथं लिहून ठेवते. मुलगा होता. आत्या म्हणते, केस दाट होते.

तुमच्याही घरात असं एखादं बाळ असेल. आजीला, आत्याला एकदा विचारा. त्या सांगतील, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं.