रेवतीची उंची : काळप्रवास, कुमारवय आणि मराठी कथनपरंपरा

काळप्रवासाच्या कथेत प्रेमाला स्थान मिळते, तेव्हा कथनाला दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. काळप्रवास ही उडी आहे; मधली वर्षे वगळल्याखेरीज ती घडत नाही. हळूहळू उमलणाऱ्या प्रेमाला मात्र ही मधली वर्षेच हवी असतात. पाश्चात्त्य कुमारसाहित्याने या विरोधातूनच एक कथाप्रकार घडविला. फिलिपा पिअर्स यांच्या 'टॉम्स मिडनाइट गार्डन' (१९५८) या कादंबरीतील टॉम तेवढाच राहतो आणि त्याची बालमैत्रीण हॅटी प्रत्येक भेटीगणिक मोठी होत जाते. केर्स्टिन गीर यांच्या 'रुबीनरोट' (२००९) या जर्मन कादंबरीने सुरू झालेल्या त्रयीत ग्वेंडोलिन आणि गिडिऑन यांच्यातील विश्वास वेगवेगळ्या शतकांच्या फेऱ्यांतून, संशयाचे अडथळे ओलांडत आकारतो. या प्रकाराचे सारे घटक मराठी परंपरेत उपलब्ध आहेत. ते एकत्र येऊन त्यांची परंपरा मात्र निर्माण झाली नाही. याचे कारण केवळ विज्ञानविषयक अनास्था मानणे पुरेसे ठरत नाही.

पुराणातील ककुद्मी-रेवतीची कथा मराठी श्रोत्याला नवी नाही. कन्येसाठी वर विचारण्यास राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे क्षणभर थांबतो, तोच पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. मनात योजलेले सारे वर नामशेष झालेले असतात आणि ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून रेवती बलरामाला दिली जाते. विष्णुपुराणात या कथेचा एक मार्मिक तपशील आहे. प्राचीन युगातील रेवती फार उंच असल्याने बलराम नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या मापाची करतो. कालांतराची शरीरावर उमटलेली एकमेव खूण अशा रीतीने विवाहापूर्वीच पुसली जाते. या सर्व व्यवहारात रेवतीला कोणीही काही विचारत नाही. येथे काळाची उडी आहे, विवाहही आहे. दोघांनी मिळून अनुभवलेला काळ तेवढा नाही.

एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीने प्रेमाला केंद्रस्थान दिले. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांत ताटातूट, संकटे आणि पुनर्मीलन यांची रेलचेल आहे. मिखाइल बाख्तिन यांनी ग्रीक रोमान्सविषयी मांडलेले निरीक्षण येथे उपयुक्त ठरते. त्या कथांतील साहसांचा काळ नायक-नायिकांच्या वयावर वा मनावर कोणताही ठसा ठेवत नाही. प्रेम आरंभी जेवढे असते तेवढेच अखेरीस उरते. आपल्या अद्भुतरम्य कादंबरीतील विरहही बव्हंशी असाच रिकामा आहे. तो सोसला जातो. त्यातून कोणी घडत नाही.

'मोचनगड' (१८७१) पासून ऐतिहासिक कादंबरीने काळाला वजन दिले. वेल्स यांचे 'द टाइम मशीन' १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हरिभाऊ आपटे यांची 'उषःकाल' 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली, हा योगायोग बोलका आहे. वेल्स यांचा प्रवासी पराधीन नव्हता. त्याला भविष्याची चिंता परवडत होती. मराठी वाचकाला भूतकाळाची गरज होती. तो गतकाळात गेला, पण पात्र म्हणून नव्हे, वाचक म्हणून. जे घडले ते आधीच ठरलेले असल्यामुळे तेथे त्याला अभिमान बाळगता आला वा शोक करता आला. कोणाशी नाते जोडता आले नाही.

जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेने ही ठरलेली वाट मोडली. विश्वासरावांना गोळी लागली नाही, १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले, असा पर्यायी इतिहास तेथे साकारतो. गंगाधरपंत गतकाळात जात नाहीत; ते दुसऱ्या शक्यतेच्या वर्तमानात वावरतात. कथेच्या इंग्रजी रूपात ते मुंबईत आपल्या मुलाचा शोध घेतात आणि या जगात तो त्या कचेरीत नाही असे आढळते. येथे क्षणभर इतिहासाचा पर्याय हा कौटुंबिक अभावाचा प्रश्न होतो. परंतु कथा तेथे न रेंगाळता ग्रंथालयाकडे वळते. तिचे कुतूहल ज्ञानविषयक आहे आणि त्या मर्यादेत ते अस्सल आहे.

उरतो प्रश्न वाचकाच्या वयाचा. 'श्यामची आई' (१९३५) ने कुमारवाचनाला संस्काराची दिशा दिली. भा. रा. भागवतांचे 'बालमित्र' (१९५१), त्यांचा फास्टर फेणे आणि 'किशोर' मासिक (१९७१) यांनी त्यात साहस व कुतूहल आणले. तथापि बालसाहित्य आणि प्रौढसाहित्य यांच्यामधील वयाला प्रेमाची भाषा सहसा मिळाली नाही. त्या वयाचा वाचक थेट प्रौढ कादंबरीकडे गेला आणि प्रेमाचा पहिला पाठ त्याने तेथे घेतला.

या संदर्भात उमरखेडचा विचार उद्बोधक ठरावा. पैनगंगेच्या उत्तरेस उमरखेड, दक्षिणेकडे हदगावचा मुलूख. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला आणि ही नदी दोन राजवटींची सीमा झाली. १५ ऑगस्ट १९४७ ला उत्तर काठ स्वतंत्र भारतात होता. दक्षिण काठ १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. हे तेरा महिने एकाच नदीचे दोन काठ दोन राजकीय काळांत जगत होते. अशा ठिकाणी आजचा सोळा वर्षांचा मुलगा १९४७ च्या पावसाळ्यात पोहोचला आणि पैलतीरावरील मुलीशी त्याची ओळख वाढत गेली, अशी कादंबरी कल्पिता येते. तिच्यातील खरी अडचण यंत्राची नसेल, ज्ञानाची असेल. त्याला १७ सप्टेंबर ठाऊक आहे. तिला प्रत्येक रात्र अनिश्चित आहे. जोवर तो पुढचे जाणणारा आहे, तोवर तो तिची कीव करील किंवा तिला वाचवील. प्रेमासाठी त्याला तिच्या अनिश्चिततेत राहावे लागेल. आपल्या शतकाच्या मापाने तिला लहान करण्याचा मोह टाळावा लागेल.

इतिहासाच्या वाचकाची भूमिका या मुलाहून वेगळी नाही. शेवट ठाऊक असल्याने तो गतकाळातील माणसांकडे वरून पाहतो. संथ प्रेमकथेचा आकृतिबंध ही उंची टिकू देत नाही, कारण तेथे समोरच्या व्यक्तीचा वर्तमान तिच्याच गतीने उलगडू द्यावा लागतो. त्यामुळे या प्रकाराला हलके रंजन म्हणून बाजूस सारणे समीक्षेला परवडणारे नाही. गतकाळ हाही कोणाचा तरी वर्तमान होता, ही जाणीव कुमारवयात रुजविण्याची जी शक्ती या प्रकारात आहे, ती गौरवपर इतिहासकथेला क्वचितच साधली आहे.