पायाचा माल (मातीच्या घराचा)

मातीच्या इमारतीचा दगडी पाया व जोते रचताना सांध्यांत भरण्याचे मिश्रण. सुकी मातीची भिंत घराचे ओझे पेलते, पण बुडाशी ओल धरली की तिची ताकद झपाट्याने घटते. त्यामुळे मालाची निवड करताना ताकदीइतकाच ओलीचा विचार करावा लागतो. दख्खनचा काळा दगड फारसे पाणी शोषत नाही. ओल चढते ती मुख्यतः सांध्यांतून. कोकणातला जांभा मात्र स्वतःच पाणी शोषतो.

चिखल : सर्वांत स्वस्त. कोरड्या जागी व पाण्याचा चांगला निचरा असल्यास चालतो. काळी माती टाळावी. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. भूकंपप्रवण भागात केवळ चिखलावर विसंबू नये.

चुना : चुनखडी सुमारे ९००° से. तापमानाला भाजून कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून वापरतात. शुद्ध चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घट्ट होतो. जमिनीखाली हवा पोचत नसल्याने तो दीर्घकाळ मऊ राहतो. पायासाठी एकटा शुद्ध चुना म्हणूनच अपुरा पडतो. त्यात सुरखी, म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक पूड, मिसळली की तिच्यातील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि माल ओलाव्यातही घट्ट होतो. फार भाजलेल्या विटेच्या पुडीत हा गुण उरत नाही. दख्खनच्या जमिनीत सापडणाऱ्या कंकराच्या चुन्यात मातीचा अंश असल्याने तो मुळातच काही प्रमाणात ओलाव्यात घट्ट होणारा असतो. मात्र तो फार दिवस भिजत ठेवू नये, कारण तो तसाच आळतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिले असून ‘अ’ वर्गाचा चुना पाण्यात सर्वाधिक आळणारा, तर ‘क’ वर्गाचा शुद्ध चुना असतो. एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू किंवा सुरखी घेतात. मिश्रण चुन्याच्या घाण्यात नीट मळणे आवश्यक. अनेक गडांवर अशा घाण्यांचे अवशेष आहेत. रचलेले काम निदान आठवडाभर ओले ठेवतात.

गूळ, हिरडा इ. : चुन्याच्या मालात मिसळण्याची प्रथा आहे, प्रमाणे गवंड्यागणिक बदलतात.

कोरडी रचना (मालाशिवाय) : घडीव दगड व कुशल गवंडी असल्यासच.

सिमेंट : सिमेंटचा माल घट्ट व कमी सच्छिद्र असल्याने सांध्यांतून ओल बाहेर पडण्यास अडथळा होतो व ती वर भिंतीत चढू शकते, असे अनेक संवर्धकांचे मत आहे. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिले असून ‘अ’ वर्गाचा चुना पाण्यात सर्वाधिक आळणारा, तर ‘क’ वर्गाचा शुद्ध चुना असतो.