बायक्रोमेटची बाटली

शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील रसायनांचे कपाट उघडले की एक बाटली चटकन डोळ्यांत भरते. आतले खडे चकचकीत नारिंगी, जवळजवळ केशरी. बाटलीवर पोटॅशियम डायक्रोमेट असे लिहिलेले असते. जुन्या लेबलवर पोटॅशियम बायक्रोमेट. आमच्या पिढीतल्या शिक्षकांच्या तोंडी अजून 'बायक्रोमेट'च आहे. ही बाटली बहुधा अर्धी भरलेली असते, कधी आणली ते कोणाला आठवत नाही, आणि झाकणाभोवती नारिंगी भुकटी चिकटलेली असते. या लेखात त्या भुकटीचा इतिहास सांगायचा आहे. तो सैबेरियात सुरू होतो, ग्लासगोला बराच काळ रेंगाळतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत येतो.

सैबेरियाच्या बेरेझोव्ह भागातील खाणींत सापडणारे 'तांबडे शिसे' हे खनिज अठराव्या शतकात युरोपातील संग्राहकांच्या आवडीचे होते. लुई निकोला व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली ते पोटॅशच्या द्रावणात उकळले आणि त्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले. पुढच्याच वर्षी कोळशाबरोबर तापवून त्याने तो धातू वेगळा केला. याचे प्रत्येक संयुग वेगळ्या रंगाचे, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम नाव मिळाले. पाचू हिरवा आणि माणिक लाल का, याचे उत्तरही याच मूलद्रव्यात निघाले. रंगांचे एवढे वैविध्य पाहून कारखानदार मागे लागले नसते तरच नवल. पिवळा क्रोम रंग, कापड रंगवण्यासाठी रंगबंधक, पुढे चामडे कमावणे, अशा सगळ्यांसाठी बायक्रोमेट लागू लागले. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत ॲनिलीनच्या क्षारावर बायक्रोमेटचा प्रयोग केला. क्विनीन काही मिळाले नाही, पण जो काळा गाळ उरला त्यातून पहिला गाजलेला कृत्रिम रंग, 'मॉव्ह', निघाला. कृत्रिम रंगांच्या उद्योगाची सुरुवात अशी आपल्या कपाटातील बाटलीपाशी जाऊन पोचते.

रंगाची ही बाजू पाठ्यपुस्तकांत असते. दुसरी बाजू सहसा नसते.

ग्लासगोजवळ रदरग्लेन येथे शॉफील्ड नावाचा जे. अँड जे. व्हाइट यांचा बायक्रोमेटचा मोठा कारखाना होता. क्रोमाइट खनिज चुना व सोड्याबरोबर भट्टीत भाजायचे, पाण्याने धुवून क्रोमेट काढायचे, आम्ल घालून बायक्रोमेट करायचे, अशी साधारण रीत. भट्टीपाशी पिवळी धूळ उडे. ती कामगारांच्या अंगावर इतकी बसे की गावातले लोक त्यांना 'व्हाइटची कॅनरी पाखरे' म्हणत. 'व्हाइटचे मेलेले' असेही एक नाव होते. १८२७ सालीच ग्लासगोच्या विल्यम क्युमिन या डॉक्टरांनी बायक्रोमेट हाताळणाऱ्यांच्या हातांवर खोल जखमा होतात, असे लिहून ठेवले होते. कातडीला कुठे ओरखडा असला की तिथे हे रसायन शिरते आणि भोक पाडल्यासारखा गोल व्रण होतो. नाकाचेही तेच. दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला आरपार छिद्र पडते. विशेष म्हणजे ते फारसे दुखत नाही, त्यामुळे कित्येकांना ते पडल्याचे कळतच नसे. १८६३ साली बेकूर आणि शव्हालिए या फ्रेंच अभ्यासकांनी एक मजेशीर निरीक्षण नोंदवले. तपकीर ओढणाऱ्या कामगारांची नाके वाचत होती! सतत शिंका आणि सतत नाक शिंकरणे, त्यामुळे धूळ टिकत नसावी. अर्थात, यावरून कोणी तपकिरीची शिफारस करू नये.

शॉफील्डचे मालक लॉर्ड ओव्हरटन हे धर्मकार्यासाठी सढळ हाताने देणगी देणारे आणि रविवार पवित्र पाळला जावा म्हणून आग्रह धरणारे गृहस्थ. त्यांच्या कारखान्यात मात्र माणसे बारा-बारा तास, रविवारीही राबत होती. १८९९ साली मजूर चळवळीचे नेते कीर हार्डी यांनी याविरुद्ध पत्रकांची मालिकाच काढली आणि स्कॉटलंडभर खळबळ उडाली. कारखाना विसाव्या शतकात बंद पडला. त्याची राख-माती मात्र ग्लासगोच्या आग्नेय भागात जागोजागी भरावासाठी वापरली गेली होती. २०१९ आणि २०२१ साली तिथल्या पोलमडी ओढ्याचे पाणी हिरवेगार झाले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा तो भराव पुन्हा चर्चेत आला.

नाकानंतर फुप्फुस. १८९० साली ग्लासगोच्याच डॉ. न्यूमन यांनी क्रोम रंगाच्या कामगाराच्या नाकातील कर्करोग नोंदवला. जर्मनीत क्रोमेट कामगारांच्या फुप्फुसाचा कर्करोग १९३६ साली व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला. अमेरिकेत १९४८ साली मॅकल आणि ग्रेगोरियस यांचा मोठा अभ्यास आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली सहा संयुजेच्या क्रोमियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात ज्या रोगांची सूचना देणे बंधनकारक केले गेले, त्यांत क्रोमचा व्रण होता. क्युमिन यांच्या नोंदीनंतर १२१ वर्षांनी!

आता हे सहा संयुजेचे प्रकरण काय, ते पाहू. क्रोमियमची दोन रूपे आपल्याला नेहमी भेटतात, तीन संयुजेचे हिरवे आणि सहा संयुजेचे पिवळे-नारिंगी. हिरवे तुलनेने निरुपद्रवी, कारण ते पेशीत सहज शिरत नाही. क्रोमेट आयन मात्र आकाराने आणि विद्युतभाराने सल्फेट आयनासारखा असतो. सल्फेट शरीराला लागते, म्हणून पेशीच्या पटलावर त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे. क्रोमेट त्याच वाटेने, जणू सल्फेटचा पास दाखवून, आत जाते. आत गेल्यावर पेशीतील पदार्थ त्याचे क्षपण करतात, आणि सहावरून तीनवर येताना डीएनएची मोडतोड होते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण बायक्रोमेट प्रयोगशाळेत ठेवतो, तो ऑक्सिडीकारक गुणच घातक ठरतो. पोटात गेले तर काही ग्रॅम जीव घ्यायला पुरेसे असतात.

येथे कोल्हापुरी चपलेविषयी एक गैरसमज दूर करू. अस्सल कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, क्रोममध्ये नाही. आणि क्रोमने कमावलेल्या चामड्यातही वापर होतो तो तीन संयुजेच्या क्षाराचा. महाराष्ट्रात क्रोमाइट खनिज नाही असेही समजू नये. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली, वागदे येथे ते आहे.

आता नवी मुंबईकडे येऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचा औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकात आकाराला आला; सिडकोची स्थापना १९७० ची. पाणी प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला होता, केंद्राचा कायदा १९७४ चा. या पट्ट्यातील रंग, औषधे, रसायने यांच्या कारखान्यांचे सांडपाणी ठाण्याच्या खाडीकडे आणि तळोज्याचे कासाडी नदीकडे. कासाडीचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. खाडीत थंडीत रोहित पक्षी येतात. तिथे २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली रामसर यादीत नाव आले. हे पाणी किती घाण आहे, ते कसे मोजतात? बायक्रोमेटने!

'रासायनिक ऑक्सिजन मागणी', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'सीओडी' चाचणी, १९४९ साली मूर, क्रोनर आणि रुखॉफ्ट यांनी बायक्रोमेट वापरून मांडली. सांडपाण्याचा २० मिलिलिटर नमुना घ्यायचा, त्यात १० मिलिलिटर बायक्रोमेट (०.२५ नॉर्मल), ३० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल, थोडे सिल्व्हर सल्फेट आणि ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घालून दोन तास उकळत ठेवायचे. पाण्यातील सेंद्रिय घाण बायक्रोमेट खाऊन टाकते. किती बायक्रोमेट उरले ते फेरस अमोनियम सल्फेटने, म्हणजे आपल्या ओळखीच्या मोहरच्या क्षाराने, अनुमापन करून काढायचे. फेरॉइन दर्शक निळसर हिरव्यावरून तांबूस तपकिरी झाला की संपले. सोडण्याच्या सांडपाण्यासाठी ठरलेली मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. सामुदायिक सांडपाणी प्रकल्प असो की मंडळाची प्रयोगशाळा, खाडीत काय चालले आहे हे समजण्याची ही महत्त्वाची खिडकी आहे.

पण मोजणाराही घाण करतो. एका चाचणीतील मर्क्युरिक सल्फेटमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम पारा असतो. पाऱ्याची सांडपाण्यातील मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. भागाकार विद्यार्थ्यांना करू द्या. एका चाचणीतला पारा केवळ पाणी ओतून मर्यादेत आणायचा तर २७,००० लिटर पाणी लागेल. क्रोमियम त्या मानाने सोपे, कारण अनुमापन पूर्ण होते तेव्हा ते सगळे तीन संयुजेचे झालेले असते. म्हणून हे उरलेले द्रव मोरीत जाऊ नये, वेगळ्या कॅनमध्ये साठवावे.

शाळेकडे सीओडी नसते, पण बायक्रोमेट असते, आणि तिथे तीन ठिकाणी आम्हांला काळजी वाटते. पहिले म्हणजे काचसामान धुण्याचे क्रोमिक आम्ल. आम्ही विद्यार्थी असताना बायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांच्या त्या तपकिरी मिश्रणाने ब्युरेट धुणे म्हणजे नीटनेटकेपणाची परमावधी मानली जाई. प्रत्यक्षात क्रोमेट आयन काचेला चिकटून राहतात आणि भरपूर धुतल्याशिवाय निघत नाहीत. अल्कोहोल किंवा ॲसिटोन उरलेल्या भांड्यात हे मिश्रण ओतले तर आग लागू शकते. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेली ब्युरेट शाळेच्या कामाला पुरेशी स्वच्छ होते.

दुसरे, क्लोराइडसाठी क्रोमिल क्लोराइड परीक्षा. त्या लाल वाफा देखण्या असतात. त्या सहा संयुजेच्या क्रोमियमच्याच वाफा आहेत. सिल्व्हर नायट्रेटच्या पांढऱ्या साक्याने काम भागते, मग हट्ट कशाला? सल्फर डायऑक्साइड ओळखण्यासाठी आम्लयुक्त बायक्रोमेटचा कागद हिरवा करणे मात्र चालेल. तिथे लागतो तो थेंबभर.

तिसरे, प्रदर्शनातील ज्वालामुखी. अमोनियम डायक्रोमेटच्या ढिगाला काडी लावली की ठिणग्या उडतात आणि हिरवी राख फुलत जाते. टाळ्या हमखास. पण राखेत न जळलेले नारिंगी कण राहतात, धूळ पहिल्या रांगेतील मुलांच्या नाकात जाते, आणि प्रदर्शन आटोपल्यावर सफाई करणाऱ्या मावशी केरसुणीने ती झाडतात. आमचे स्पष्ट मत असे, की हा प्रयोग उघड्यावर करूच नये. युरोपीय संघात तर या बायक्रोमेटांच्या वापरावर सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीची अट आली.

मोहरच्या क्षाराचा उल्लेख वर आला. त्याचे घरगुती भावंड म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. सिमेंटमध्ये अत्यल्प सहा संयुजेचे क्रोमियम असते. त्यामुळे गवंड्यांच्या हातांना चिवट खरूजेसारखा त्वचारोग होतो. डेन्मार्कने १९८३ साली सिमेंटमध्ये हिराकस मिसळून ते प्रमाण लाखात ०.२ भागांच्या आत आणायला लावले, आणि नंतर २००५ साली युरोपीय संघाने तोच नियम केला. नवी मुंबईसारखे सिमेंटने उभे राहिलेले शहर ज्या हातांनी बांधले, त्या हातांचा हा प्रश्न आहे. वर्गात आपण जे अनुमापन शिकवतो, तीच अभिक्रिया तिथे गोणीत घडवून आणतात.

आणि शाळेचे उरलेसुरले बायक्रोमेटही याच अभिक्रियेने निकालात काढता येते. एक ग्रॅम बायक्रोमेटमध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम क्रोमियम असते. पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर भुकटी सात हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन पोचवते. म्हणून मोरी नको. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून, विरल द्रावण करावे. विरल सल्फ्युरिक आम्लाने ते चांगले आम्लधर्मी करावे. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, क्लोरीन निघू शकतो. मग हिराकसाचे द्रावण हळूहळू घालावे. नारिंगीचा हिरवा रंग झाला, आणि थोडे हिराकस जास्त झाले, की चुन्याची निवळी किंवा सोडा घालून लिटमस जेमतेम निळा होईपर्यंत आणावे. तळाशी बसलेला हिरवट तपकिरी साका गाळून, वाळवून, बाटलीत बंद करावा आणि त्यावर नाव व तारीख लिहावी. हा साका कचऱ्याच्या गाडीत देऊ नये. घातक कचऱ्यासाठी महापे आणि तळोजा येथे अधिकृत केंद्रे आहेत. एकट्या शाळेची बाटलीभर वस्तू तिथे नेणे जिकिरीचे असते. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायन विभागाकडे विचारावे, त्यांचा कचरा जातो तेव्हा आपलीही बाटली त्यात जाऊ शकेल. झाकणाभोवतीची भुकटी आधी ओल्या कागदाने पुसून घ्या आणि तो कागदही त्याच द्रावणात बुडवा.