हलक्या वस्तूंचे टपाल हशील

कागदपत्रे, पुस्तके, बियाण्यांचे नमुने यांसारख्या कमी वजनाच्या वस्तू टपालाने पाठविण्यासाठी भारतीय टपाल खात्यास जो आकार द्यावा लागतो, त्यास हलक्या वस्तूंचे टपाल हशील म्हणतात. वजन, वस्तूचा प्रकार, अंतर आणि निवडलेली सेवा यांवर ते ठरते. जालना जिल्ह्यासारख्या भागात, जेथे बियाणे उद्योग मोठा असून शहराबाहेरील ग्राहक टपालावर विसंबून असतो, तेथे वजनाचा टप्पा ओलांडला की नाही यावर खर्चाचे गणित फिरते.

इतिहास

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली अंतर न पाहता केवळ वजनावर हशील आकारण्याची पद्धत लागू झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा पडे. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली. संस्थानाचे टपाल १९५० साली भारतीय टपालात विलीन झाले. अंतराचा विचार स्पीड पोस्टमुळे (सुरुवात १९८६) पुन्हा दरपत्रकात आला.

दर

साध्या पत्रास प्रत्येक २० ग्रॅमला अथवा त्याच्या भागाला ५ रुपये पडतात. म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटास १५ रुपये. मात्र त्याचा माग काढता येत नाही. नोंदणीकृत टपाल (रजिस्टर) १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आले. तोपर्यंत २० ग्रॅमचे रजिस्टर पत्र करांशिवाय २२ रुपयांत जात असे. नव्या दरांत कागदपत्रांच्या स्पीड पोस्टला ५० ग्रॅमपर्यंत शहरांतर्गत १९ रुपये आणि अन्यत्र, अंतर कितीही असो, ४७ रुपये पडतात. त्यामुळे अंबडहून जालन्यास आणि जालन्याहून कोलकात्यास पाठविलेल्या ४५ ग्रॅमच्या पाकिटाचे हशील सारखेच असते. ५१ ते २५० ग्रॅमच्या टप्प्यात मात्र २०० किलोमीटरपर्यंत ५९, २०१ ते ५०० किलोमीटरसाठी ६३, तर २००० किलोमीटरपलीकडे ७७ रुपये होतात. यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. जालना ते पुणे ६३ रुपयांचे प्रत्यक्षात सुमारे ७४ रुपये होतात. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टवर १० टक्के सवलत आहे.

वजनात लिफाफा, पुठ्ठा व चिकटपट्टीही धरली जाते. ४८ ग्रॅमच्या कागदांना जाड लिफाफा घातला तर पुण्याच्या टपालाचे हशील १६ रुपयांनी वाढते. हलक्या पण फुगीर खोक्याचे आकारमानही मोजले जाऊ शकते: कुरिअर व्यवसायात लांबी, रुंदी व उंची (सेंटिमीटरमध्ये) यांच्या गुणाकारास सामान्यतः ५००० ने भागतात. ३० × २० × १० सेंटिमीटरचे खोके या हिशेबाने १.२ किलोग्रॅमचे ठरते, आत कापूस असला तरी. बियाण्यांसारखा माल पार्सल म्हणून स्वीकारला जातो व त्याचे दर वेगळे आहेत.

पुस्तके

नोंदणीकृत पुस्तक टपालाची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. छोटे प्रकाशक व तालुक्याच्या गावातील वाचक यांना त्याची झळ बसली, कारण स्वस्त पुस्तकाच्या किमतीशी टपालखर्च स्पर्धा करू लागला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू झाली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर ५ किलोग्रॅमपर्यंत कमाल १०० रुपये व कर आकारला जातो. पाकीट रस्ता वा रेल्वेने जाते, त्याचा माग काढता येतो. नियतकालिके व जाहिराती असलेली प्रकाशने मात्र या सवलतीत बसत नाहीत, त्यामुळे जाहिरातींवर चालणाऱ्या दिवाळी अंकांना तिचा उपयोग नाही.