खरा दरोडेखोर, खोटा दरोडा

जुन्या वेस्टर्न सिनेमांचं मला वेड आहे. म्हणजे क्लिंट ईस्टवूडवाले नव्हेत, ते काय सगळ्यांनाच आवडतात. मी म्हणतोय ते त्याच्याही कितीतरी आधीचे, मुके, कृष्णधवल, ओरखडे पडलेले. मित्रांचा ठरलेला प्रश्न: "घोडे, धूळ आणि ठो-ठो, आणखी काय आहे त्यात?" प्रश्न रास्त आहे. कथा तर दोन वाक्यांत संपते. पण माझ्या मते खरी मजा कथेत नाहीच आहे.

'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३ चा, जेमतेम बारा मिनिटांचा. एडविन पोर्टरनं एडिसनच्या कंपनीसाठी काढलेला. त्यातलं पश्चिमेचं रानटी जंगल म्हणजे चक्क न्यू जर्सी! थोडक्यात, थापा पहिल्या दिवसापासून. गंमत अशी की खऱ्या वेस्टला संपून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. टेक्सासमधून हजारो गुरं हाकत उत्तरेला रेल्वेपर्यंत न्यायची, हा काउबॉयचा धंदा मुळात वीसेक वर्षांचाच. १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळी कुरणं कुंपणात गेली, रेल्वे टेक्सासलाच पोचली, १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरांचे कळपच्या कळप गारठून मेले. खेळ खलास. पण त्या काळातली माणसं जिवंत होती, आणि ती थेट सिनेमात आली.

आता हे बघा. १९०८ साली ओक्लाहोमात 'द बँक रॉबरी' नावाचा सिनेमा निघाला. त्यात काम करणारा अल जेनिंग्ज हा खराखुरा दरोडेखोर! १८९७ मध्ये टोळी जमवून त्यानं आगगाड्या लुटल्या होत्या. लूट अगदीच किरकोळ, शिक्षा मात्र जन्मठेपेची (पुढे ती कमी झाली). ओहायोच्या तुरुंगात त्याच्यासोबत विल्यम पोर्टर नावाचा एक कैदी होता, ज्याला आपण ओ. हेन्री म्हणून ओळखतो. आणि सिनेमाचा दिग्दर्शक? बिल टिल्घमन, म्हणजे असल्याच लोकांना पकडण्यात हयात घालवलेला मार्शल. चोर आणि पोलीस मिळून चोरीचा सिनेमा काढताहेत!

ही दोस्ती टिकली नाही. १९१४ मध्ये जेनिंग्ज ओक्लाहोमाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला (पडला, असो), आणि त्याच वर्षी त्याच्या आयुष्यावर सिनेमा आला, ज्यात तो अर्थातच बिचारा आणि शूर. टिल्घमन भडकला. १९१५ मध्ये त्यानं स्वतःचा सिनेमा काढून दरोडेखोरांची 'खरी' गोष्ट सांगितली. आमच्या धंद्यात कसं, सिस्टीम ज्यानं बिघडवली तोच रिपोर्ट लिहायला बसतो, तसलाच प्रकार.

आणि या रिपोर्टात काय काय गाळलंय ते पाहिलं की माझं प्रेम जरा अडखळतं. काउबॉयपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असा अंदाज दिला जातो. पडद्यावर शोधा, सापडतात का. जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) मॉन्युमेंट व्हॅलीतून घोडागाडी सुटते, मागे अपाची लागतात. भन्नाट दृश्य आहे, याकिमा कनटनं त्यात घोड्यांच्या पायांमधून घसरत जाऊन केलेला स्टंट आजही श्वास रोखून बघावा लागतो. पण ते 'अपाची' म्हणजे तिथले नावाहो लोक. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं त्यांच्या पूर्वजांना घरादारासकट उठवून शेकडो मैल चालवत नेलं होतं. आता त्यांच्याच भूमीवर, रोजंदारीवर, सिनेमातले 'अपाची' व्हायचं. मंदीच्या दिवसांत ती मजुरी त्यांना हवीच होती, हेही खरं. मी तो प्रसंग बघतो तेव्हा हल्ली नायकाकडे कमी आणि त्या पडणाऱ्या माणसांकडे जास्त बघतो.

तरी बघतो. कारण थापेच्या मागे खरी धूळ आहे. विल्यम हार्टच्या 'टंबलवीड्स'मध्ये (१९२५) १८९३ ची जमिनीची शर्यत आहे: तोफ उडते आणि गाड्या, घोडे, माणसं एकदम उधळतात. सगळं खरं, एकही कॉम्प्युटर नाही. तेव्हा त्या शर्यतीला पुरती बत्तीस वर्षंच झाली होती. थेटरात तिथे स्वतः धावलेला कुणीतरी बसला असणं सहज शक्य होतं! १९२९ मध्ये वायट अर्प, ओके कोरालच्या चकमकीतला तो अर्प, लॉस एंजेलिसमध्ये वारला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा हार्ट होता आणि टॉम मिक्सही. खऱ्या मार्शलच्या अंत्ययात्रेत पडद्यावरचे दोन.

टिल्घमनचं मात्र सिनेमात भागलं नाही. सत्तरी गाठल्यावर त्यानं क्रॉमवेल नावाच्या तेलाच्या गावात परत पोलिसाची नोकरी धरली. १ नोव्हेंबर १९२४ च्या रात्री एका दारू प्यायलेल्या माणसाला पकडताना त्याला गोळी लागली आणि तो गेला. गोळी झाडणारा सरकारी दारूबंदी अधिकारी होता. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं.

जेनिंग्ज १९६१ पर्यंत जगला, कॅलिफोर्नियात.