डीप ब्रेन स्टिम्युलेशन : इसेन्शियल ट्रेमरवरील उपचार

मेंदूच्या खोल भागात बारीक तार बसवून, तिच्यातून सतत सौम्य विद्युत्-स्पंद सोडून हाताचा कंप आटोक्यात आणणारी शस्त्रक्रिया. संक्षेपाने तिला डीबीएस म्हणतात. इसेन्शियल ट्रेमरच्या ज्या रुग्णांना औषधांनी पुरेसा गुण येत नाही, त्यांच्यासाठी ती केली जाते.

विकाराचे स्वरूप : या विकारात हात स्वस्थ असताना सहसा कापत नाही, काही करायला जावे तेव्हा कापतो. पार्किन्सनच्या कंपवातात मात्र मांडीवर निवांत ठेवलेला हातही थरथरतो. कंपाचा वेग सेकंदाला साधारण ४ ते १२ आंदोलनांचा असतो. मान आणि आवाजही कापू शकतात. विकार अनेकदा घराण्यात चालत येतो आणि वयाबरोबर बळावतो. जिवाला धोका नसल्याने ‘वयाचा परिणाम’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण बशीत सांडणारा चहा, बँकेत न जुळणारी सही आणि चारचौघांत जेवण्याचा संकोच यांनी माणूस हळूहळू घरात कोंडला जातो. प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन ही प्रमुख औषधे आहेत. ती सर्वांना पुरी पडत नाहीत.

इतिहास : लहान मेंदू, थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक यांना जोडणाऱ्या मंडलात कंपाची लय फिरत असते. तिच्या वाटेवरचे थॅलॅमसमधील ‘व्हिम’ केंद्रक जाळून नष्ट करण्याची शस्त्रक्रिया (थॅलॅमोटॉमी) पूर्वी होत असे. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विद्युत्-प्रवाहाने तपासत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ मध्ये शल्यविशारद आलीम-लुई बेनाबिद यांच्या ध्यानात आले, की सेकंदाला सुमारे १०० स्पंद दिले की कंप थांबतो आणि प्रवाह बंद केला की परततो. मग ती जागा जाळायचीच कशाला? मेंदूविकारतज्ज्ञ पिएर पोलाक यांच्यासह त्यांनी कायमस्वरूपी उद्दीपनाची पद्धत उभी केली. अमेरिकेत औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तिला मान्यता दिली. नेदरलँड्समध्ये विविध विकारांतील कंपावर झालेल्या तुलनात्मक चाचणीत (२०००) दोन्ही पद्धतींनी कंप सारखाच दबला. दुष्परिणाम मात्र उद्दीपनात कमी आढळले.

शस्त्रक्रिया : डोक्याला चौकट बसवून एमआरआय व सीटी स्कॅनच्या आधारे लक्ष्य ठरवतात. उजव्या हातासाठी तार डाव्या मेंदूत बसते. कवटीचे छिद्र स्थानिक भूल देऊन पाडतात. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही, म्हणून रुग्णाला जागे ठेवता येते. त्याला कागदावर गोल-गोल आवर्त काढायला किंवा पेला ओठांशी न्यायला सांगतात. प्रवाह सुरू होताच वेडीवाकडी रेघ सरळ होऊ लागते. तार थोडी मागे गेली तर बोटांना झिणझिण्या येतात, बाहेरच्या बाजूला सरकली तर स्नायू आखडतात. त्यावरून जागा सुधारता येते. अमेरिकी बँजोवादक एडी अ‍ॅडकॉक यांनी २००८ मध्ये नॅशव्हिल येथे अशा शस्त्रक्रियेदरम्यान बँजो वाजवला होता, कारण त्यांना परत हवे होते ते बोटांचे तेच कसब. नंतर पूर्ण भूल देऊन गळपट्टीच्या हाडाखाली स्पंदजनक बसवतात आणि त्याची तार कातडीखालून डोक्यापर्यंत नेतात.

समायोजन : काही आठवड्यांत बाहेरून स्पंदांचे मापन ठरवतात. वारंवारता बहुधा सेकंदाला १३० ते १८० व प्रत्येक स्पंद ६० ते ९० मायक्रोसेकंदांचा असतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून अनेक रुग्ण झोपताना यंत्र बंद ठेवतात. साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पुन्हा भारित होणारी अधिक टिकते.

लाभ व मर्यादा : हाताचा कंप बहुतेक रुग्णांत ठळकपणे कमी होतो, मान व आवाजाच्या कंपाला गुण कमी येतो. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे शस्त्रक्रियेचे धोके होत. जीभ जड होणे, तोल जाणे हे त्रास दोन्ही बाजूंना तारा बसवल्यास अधिक दिसतात. प्रवाह बदलल्यावर ते बरेचदा ओसरतात. काहींत वर्षांनी परिणाम मंदावतो. मूळ विकार मात्र बरा होत नाही. कवटी न उघडता केंद्रित ध्वनिलहरींनी व्हिम जाळण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात यंत्र लागत नाही, पण केलेला बदल परत फिरवता येत नाही. म्हणून निवड करताना कंपाच्या तीव्रतेइतकेच, त्याने रुग्णाची कोणती कामे अडली आहेत हे विचारणे आवश्यक आहे.